जेल खात्यात नोकरी करताना: बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानापूर, निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी भागातली मराठी घरची पोरं दर भरतीला जेल वॉर्डरची परीक्षा देतात. परीक्षेआधी फोन येतो तो उंची, छाती आणि कन्नड पेपरबद्दल विचारायला. नोकरी लागून वर्ष-दोन वर्षं झाली की पुन्हा फोन येतो, पण तेव्हा आवाज खाली गेलेला असतो आणि प्रश्न वेगळेच असतात. मी याच खात्यातून निवृत्त झालो. उत्तर कर्नाटकातल्या लहान-मोठ्या जेलांत नोकरी केली. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. ही मतं माझी आहेत, खात्याची नाहीत. प्रसंग खरे आहेत, पण कुठल्या जेलातले आणि कोणाचे ते मुद्दाम गाळलंय.

वॉर्डरच्या हातात असतंच काय? सगळं तर मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे.

बॅरक किती वाजता उघडायची, गिनती कितीदा घ्यायची, झडती कोणी घ्यायची, हे लिहिलेलं आहे. पहिल्यांदाच आत आलेला कोवळा पोरगा रात्री कोणाच्या शेजारी अंथरूण टाकणार, हे कागदावर कुठेच नाही. आपल्याकडे कर्नाटकचा 1963 चा तुरुंग कायदा आहे, 1974 चे नियम आहेत, वरून वेळोवेळी सर्क्युलरं येतात. तरी संध्याकाळी बंदी करताना, म्हणजे कैद्यांना बॅरकीत कोंडताना, कुलूप तुमच्या हातात असतं आणि समोर माणसं असतात. कोणाची पोटदुखी खरी मानायची, कोणाचा अर्ज आजच ऑफिसात द्यायचा आणि कोणाचा उद्यावर टाकायचा, कोणाच्या भांडणात लगेच पडायचं आणि कुठे थोडं थांबायचं, हे सगळं तुम्हीच ठरवता. काही न करणं हाही निर्णयच असतो. उलट, जेलात सर्वांत जास्त नुकसान त्यानंच होतं.

बेंगळुरूच्या सेंट्रल जेलमधल्या एका कैद्याच्या पत्रावरून सुप्रीम कोर्टानं 1996 मध्ये राममूर्ती विरुद्ध कर्नाटक राज्य हा निकाल दिला. त्यात देशभरातल्या तुरुंगांचे नऊ मोठे प्रश्न नोंदवले होते: गर्दी, खटल्यांना उशीर, छळ, आरोग्याकडे दुर्लक्ष, अपुरं जेवण-कपडे, नातेवाइकांशी तुटलेला संपर्क वगैरे. गर्दीवर वॉर्डर काही करू शकत नाही. पण छळ, आजारपण आणि घरच्यांशी संपर्क, या तीन गोष्टी रोज त्याच्याच हातून घडतात किंवा टळतात.

माझी स्वतःची कसोटी साधी होती. जे करतोय ते ड्युटी बुकात सहीनिशी लिहिता येईल का? येत असेल तर करायचं. येत नसेल तर का येत नाही, हे आधी स्वतःला विचारायचं. ही कसोटी सगळीकडे लागू पडत नाही. कुठे अडते ते विडीच्या प्रश्नात खाली लिहिलंय.

माझ्या गावचा, भावकीतला माणूस माझ्याच बॅरकीत आलाय. काय करू?

सीमाभागात हे टळत नाही. चार-पाच तालुक्यांतली माणसं, सगळ्यांची सोयरीक एकमेकांत. कच्चा कैदी, म्हणजे खटला अजून चालू असलेला, गेटातून आत येतो, मान वर करतो आणि म्हणतो, "आप्पा, तू हाईस व्हय हितं!" तेव्हा आजूबाजूच्या पन्नास जणांनी ते ऐकलेलं असतं. त्या क्षणापासून त्या बॅरकीत तुमची किंमत बदलते. बाकीचे कैदी त्याच्यामार्फत तुमच्याकडे येणार. तुमच्यावर राग असलेला एखादा त्याच्यावर हात टाकणार. गावात तुमच्या आईला दळप-कांडपाच्या वेळी बायका विचारणार, "त्याला नीट जेवायला मिळतंय न्हवं?"

पहिलं काम, त्याच दिवशी वरिष्ठांना लेखी सांगा. चार ओळी पुरेत: अमुक कैदी माझ्या नात्यातला किंवा ओळखीचा आहे, मला त्या बॅरकीची ड्युटी देऊ नये. पोरं इथे कच खातात, कारण त्यांना वाटतं साहेब संशय घेतील. लपवलेलं नातं महिन्याभरानं बाहेर आलं की संशय नक्की येतो, आणि तोपर्यंत तुम्ही त्याला एक साबण जरी जास्त दिलेला असला तरी तो साबण चौकशीत येतो.

दुसरं, उलट्या बाजूला झुकू नका. आपण पक्षपात करत नाही हे दाखवायला ओळखीच्याच माणसाला सर्वांसमोर शिव्या घालणारे, त्याचीच झडती तीनदा घेणारे वॉर्डर मी पाहिलेत. पक्षपात तोही असतो, फक्त दुसऱ्या दिशेचा.

तिसरं, त्याच्या घरच्यांशी. खुशाली सांगायला हरकत नाही, "ठीक आहे, मुलाकतीला या" एवढंच. केसबद्दल, जामिनाबद्दल, आत कोण काय बोललं याबद्दल चकार शब्द नको. आणि त्यांच्याकडून आत द्यायला काहीही घ्यायचं नाही, देवाचा अंगारासुद्धा नाही. अंगाऱ्याची पुडी म्हणून काय काय येतं ते नोकरीत कळेलच.

कैदी मराठी बोलतो आणि सगळे कागद कन्नडात. मी दुभाष्याचं काम करू का?

हा प्रश्न आपल्याच भागात इतक्यांदा येतो, म्हणून जरा सविस्तर.

आत आलेल्या माणसाला पहिल्या तासात बरंच काही समजवायचं असतं: अंगावरच्या वस्तूंची यादी, कुठल्या कलमाखाली आलाय, वकील आहे का, औषध चालू आहे का. चंदगड किंवा गडहिंग्लजकडचा माणूस सीमेपलीकडून येऊन इथल्या केसमध्ये अडकला तर त्याला कन्नडाचं अक्षर येत नाही. आपल्याकडच्या खेड्यातल्या म्हाताऱ्यांचीही तीच गत. यादगीर किंवा मंड्याकडून आलेला राइटर, म्हणजे कागदपत्रं लिहिणारा, भराभर विचारतो, हा मान हलवतो आणि अंगठा उमटतो. पुढे कोर्टात कळतं की "औषध चालू नाही" असं लिहिलंय आणि माणूस रोज इन्सुलिन घेणारा.

तेव्हा होय, करा. ती मेहेरबानी नव्हे, कामाचाच भाग आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये मंजूर केलेल्या नेल्सन मंडेला नियमांतला 80 वा नियम सांगतो की कर्मचाऱ्यांना बहुसंख्य कैद्यांना समजणारी भाषा यावी आणि गरज पडेल तिथे सक्षम दुभाषा वापरावा. आपल्या घटनेचं 350 वं कलम त्याहून जवळचं: गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. म्हणून मराठीत लिहिलेला अर्ज "कन्नडात लिहून आण" म्हणून परत करायचा नाही. घ्यायचा, नोंदवायचा, भाषांतर मागून होईल.

पण दुभाषा होताना तीन ठिकाणी हात आखडता घ्या. एक, तो बोलेल तेवढंच सांगा. "याला असं म्हणायचंय" हे शब्द तोंडात आले की समजा तुम्ही वकिली करायला लागलात. दोन, गुन्हा कबूल करायचा की नाही, तडजोड करायची की नाही, यावर "माझं ऐक" म्हणू नका. जेलात विधी सेवा प्राधिकरणाचे वकील येतात, 1987 च्या कायद्यानुसार कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळतो, त्यांच्यापुढे उभा करा. तीन, भाषांतर केलं असेल तर कागदाखाली "मजकूर मराठीत समजावून सांगितला" असं लिहून सही करा. ही एक ओळ पुढे त्याला वाचवते, आणि तुम्हालाही.

एखादा वरिष्ठ म्हणेल, कैद्याशी मराठीत बोलू नकोस, काय कुजबुजता कळत नाही. त्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. त्याला न कळणाऱ्या भाषेत वॉर्डर-कैद्याची गुजगोष्ट चालली तर त्यानं काय समजायचं? मी मोठ्यानं बोलायचो आणि लगेच वळून साहेबांना कन्नडात सांगायचो की हा असं म्हणतोय. भांडण तिथेच मिटायचं. कन्नड चांगलं शिका, हा सल्ला मी प्रत्येक मराठी पोराला देतो. कन्नड कच्चं असलेल्या वॉर्डरचा कैद्याला काही उपयोग नाही.

मराठी येतं म्हणून कैद्यांची पत्रं तपासायला मलाच देतात. लोकांची खासगी पत्रं वाचायला कसंतरी वाटतं.

वाटायलाच हवं. ज्याला वाटेनासं होतं त्याच्याकडून ते काम काढून घ्यावं.

पत्र तपासायचं ते पळून जाण्याचा कट, साक्षीदाराला धमकी, आत काही मागवणं, एवढ्यासाठी. बायकोशी भांडण, जमिनीची वाटणी, पोरीचं ठरत असलेलं लग्न, हे डोळ्यांखालून जाणार, पण ते तिथेच विसरायचं. एका जेलात एका कैद्याच्या बायकोनं लिहिलं होतं की ती माहेरी निघून गेली आणि परत येणार नाही. पत्र त्याच्या हातात पडायच्या आधीच पूर्ण बॅरकीला माहीत होतं, कारण वाचणाऱ्यानं चहाच्या वेळी सहकाऱ्याला सांगितलं आणि सहकाऱ्यानं एका वॉचमन कैद्याला, म्हणजे देखरेखीचं काम दिलेल्या कैद्याला. जेवणाच्या रांगेत त्याला कोणीतरी टोमणा मारला. ताट हाणलं गेलं, एकाचं डोकं फुटलं. रिपोर्टात कारण "किरकोळ वाद" असं लिहिलं.

असं पत्र आलं तर काय करायचं? अडवायचं नाही, ते तुमचं नाही. पण वेळ निवडता येते. बंदीच्या तोंडावर देऊ नका, सकाळी द्या, म्हणजे दिवसभर त्याच्यावर लक्ष राहतं. रात्रपाळीच्या माणसाला "याला आज घरची वाईट बातमी आहे, बघत राहा" एवढंच सांगा, मजकूर नको. विवेक वापरायचा म्हणजे माझ्या लेखी एवढंच.

वकिलाला किंवा कोर्टाला लिहिलेल्या पत्राची गोष्ट निराळी. मंडेला नियमांनुसार वकिलाशी संवाद गोपनीय असतो. भेटीतही नजर ठेवता येते, कान लावता येत नाही. कोर्टाला किंवा मानवाधिकार आयोगाला गेलेल्या तक्रारीत तुमचंच नाव असेल अशी शंका आली तर ते पाकीट दुसऱ्याच्या हातात द्या आणि तशी नोंद करा.

सीमाप्रश्नाच्या आंदोलनातले कार्यकर्ते आत आले तर मी कोणाच्या बाजूचा?

गणवेश अंगावर असेपर्यंत कोणाच्याच नाही. हे लिहायला सोपं आहे, ठाऊक आहे मला.

1 नोव्हेंबरला बाहेर एका बाजूला राज्योत्सव, दुसऱ्या बाजूला काळा दिवस. धरपकड झालेल्या बहुतेकांना पोलीस संध्याकाळपर्यंत सोडून देतात, जेलच्या गेटापर्यंत थोडेच येतात. पण येतात तेव्हा त्यांच्यामागे मोठा इतिहास असतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या सत्याग्रहींपासून आपल्याकडच्या कितीतरी घरांत कोणाचे ना कोणाचे आजोबा आत जाऊन आलेले. 1986 च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरोधी आंदोलनावर गोळीबार झाला, त्यातल्यांचं हुतात्मा स्मारक आहे ते बेळगावजवळच्या हिंडलग्यातच. 1 जूनला तिथे अभिवादनाला जाणाऱ्यांत वॉर्डरांचे नातेवाईकही असतात. त्याच गावच्या हद्दीत सेंट्रल जेल. अशा वेळी मराठी वॉर्डरकडे दोन्ही बाजू बघत असतात: सहकारी बघतात हा त्यांना सूट देतो का, आणि आत आलेला बघतो हा आपला म्हणवणारा तोंड फिरवतो का.

माझा अनुभव असा की अशा वेळी सगळं अगदी नियमाबरहुकूम केलं की ताण कमी होतो. त्याला इतर कैद्यांसारखीच चटई, तेच जेवण, तशीच झडती, आणि "जी" वगैरे न लावता साध्या आदरानं हाक. कन्नड संघटनेचा कार्यकर्ता आला तरी हेच, एक घोटही कमी-जास्त नाही. तुमच्या घरी कुठला झेंडा आहे हे दोघांनाही कळायची गरज नाही. ड्युटीवर असताना मोबाईलच्या ग्रुपवर फॉरवर्ड करणं बंद करा. त्या एका फॉरवर्डवरून बदल्या झालेल्या पाहिल्यात मी.

विडी-तंबाखूकडे काणाडोळा करावा का?

निपाणीच्या पट्ट्यातला माणूस हा प्रश्न विचारताना हसतोच. तंबाखूच्या शेतात वाढलेली, विड्या वळून घर चालवणाऱ्यांची पोरं. आत येणाऱ्यांतली बरीच माणसं लहानपणापासून तंबाखू खाणारी. पहिल्या आठवड्यात त्यांचे हात थरथरतात, झोप लागत नाही, क्षुल्लक कारणावरून एकमेकांच्या अंगावर जातात.

मी वर सांगितलेली ड्युटी बुकाची कसोटी इथे अडते. "आज एका कैद्याजवळ अर्धी विडी दिसली, सोडून दिलं" असं कोणी लिहीत नाही. आणि तरी ज्या ज्या वॉर्डरला मी चांगला म्हणेन, त्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी अशी अर्धी विडी बघून न बघितल्यासारखं केलंय. नाही म्हणणारा खोटं बोलतोय.

फरक कुठे करायचा ते सांगतो. एका माणसाकडची एक विडी ही सवय. एका माणसाकडच्या दहा विड्या म्हणजे धंदा. आत विडी हेच चलन असतं: तिच्यावर कपडे धुऊन घेतले जातात, झोपायची जागा विकली जाते, कोवळ्या पोरांना राबवलं जातं. सवयीकडे बघताना मन मऊ ठेवायला मी हरकत घेणार नाही, फक्त "टाक ती, पुन्हा दिसली तर लिहीन" म्हणून तिथेच विझवायला लावा. धंद्याकडे डोळेझाक केली तर ज्याला राबवलं जातंय त्याचा विश्वासघात होतो. आणि विडी तुमच्या हातून आत गेली, अगदी दयेपोटी एक जरी, तर वरचं सगळं बोलणं फोल. त्या दिवसापासून तुम्ही त्याच्या मुठीत.

मोबाईलबाबत?

इथे मोकळीक नाही, शून्य. जानेवारी 2023 मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या नागपूरच्या कार्यालयात धमकीचे फोन आले आणि नागपूर पोलिसांच्या तपासाचा धागा हिंडलग्याच्या जेलात येऊन थांबला. घरच्यांशी बोलायला अधिकृत फोन आहे, त्याची रांग लांब असेल तर ती कमी करण्यासाठी भांडा. "पोरगी आजारी आहे, दोन मिनिटं तुमच्या फोनवरून" हे वाक्य प्रत्येकाला ऐकावं लागतं. पोरगी खरंच आजारी असू शकते. तरी स्वतःचा फोन नाही. जेलरकडे न्या, ऑफिसच्या फोनवरून बोलणं करून द्या, वेळ-नंबर नोंदवा.

पैसे नाही घेतले, पण कैद्याच्या भावानं घरी कुंद्याचा डबा आणून दिला. तो परत करू?

परत करा. बायको म्हणेल, अहो, कुंदाच तर आहे. तुरुंग कायदा 1894 चा आला तेव्हापासून कैद्याशी जेल कर्मचाऱ्याचा पैशाचा किंवा कसलाही व्यवहार बंद आहे, आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात पैशाशिवायचा गैरलाभही धरला जातो. कायदा बाजूला ठेवला तरी पुढचा डबा कशाचा असेल ते त्यानं ठरवलेलं असतं. सोपं जावं म्हणून घरच्यांना आधीच सांगून ठेवा की दारात आलेलं काही घ्यायचं नाही, म्हणजे तुम्ही नसताना नकार त्यांना देता येतो.

बड्या कैद्यांचं प्रकरण याच डब्यातून सुरू होतं. बेंगळुरूच्या परप्पन अग्रहार जेलात ऑगस्ट 2024 मध्ये एका सिनेनटाचा हिरवळीवर खुर्ची टाकून सिगरेट ओढतानाचा फोटो बाहेर आला तेव्हा जेलचे कर्मचारी निलंबित झाले आणि नटाची रवानगी बळ्ळारीला झाली. ती खुर्ची तिथवर पोचेपर्यंत किती जणांच्या नजरेखालून गेली असेल, विचार करा. त्यातल्या प्रत्येकानं स्वतःशी म्हटलं असणार, मी काही दिलं नाही, फक्त बोललो नाही.

साहेबांनी "जरा धुऊन काढ" म्हटलं. मी नाही म्हणू शकतो का?

म्हणू शकता, आणि म्हणायला हवं. वरिष्ठाचा हुकूम बेकायदेशीर असेल तर तो पाळला हा बचाव होत नाही. लाठी उचलायची ती स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी, पळून जाताना अडवायला किंवा अंगावर येणाऱ्याला आवरायला, आणि तो आवरला की थांबायचं. पाठीमागे हात बांधलेल्या माणसावर पडलेला फटका यात कुठेच बसत नाही.

प्रत्यक्षात नाही कसं म्हणायचं? तोंडावर "मी करणार नाही" म्हणून सहसा भागत नाही. मी एका जुन्या हेड वॉर्डरकडून शिकलो. तो शांतपणे म्हणायचा, "सर, डॉक्टरांकडून आधी तपासून घेऊ, अंगावर जुने वळ आहेत का लिहून घेतो, मग बघू." डॉक्टरची चिठ्ठी येईपर्यंत अर्धा तास जायचा आणि साहेबांचा पारा उतरायचा. नाही उतरला तरी आता डॉक्टरचा कागद तयार असायचा, म्हणून कोणी हात लावत नसे.

कठीण प्रश्न पुढचा: सहकाऱ्यानं मारलं आणि तुम्ही पाहिलं. तो तुमच्याच क्वार्टर्सच्या रांगेत राहतो, त्याची बायको तुमच्या पोराला शाळेत सोडते. तिहारमधल्या कैद्यानं सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, की शेजारच्या कैद्याचा हेड वॉर्डरनं नातेवाइकांकडून पैसे उकळण्यासाठी छळ केला, त्यावरून 1979 चा सुनील बत्रा निकाल आला. आतल्या सगळ्यांना माहीत असणार, पण लिहिलं एका कैद्यानं. मी तुम्हाला शूर व्हा असं सांगत नाही. किमान एवढं करा: जखमीला लगेच डॉक्टरपुढे न्या, वेळ लिहा, आणि चौकशीत विचारलं तर पाहिलं ते सांगा. "मी तेव्हा पाण्याच्या टाकीकडे होतो" हे उत्तर पाठ करणारे बरेच. एकदा ते दिलं की तो सहकारी पुढच्या वेळी तुमच्याकडूनही तेच गृहीत धरतो.

त्रास देणाऱ्याला काही दिवस वेगळ्या सेलमध्ये टाकलं तर काय बिघडलं?

काही तास, भांडण शांत होईपर्यंत, नोंद करून, ठीक. त्यापुढे सावध. एकांतवासाची शिक्षा फक्त कोर्ट देऊ शकतं, तीही एकूण तीन महिन्यांच्या आत आणि एका वेळी चौदा दिवसांहून जास्त नाही. मंडेला नियमांत पंधरा दिवसांच्या पुढचा एकांतवास मनाई आहे.

आपल्याच भागातलं उदाहरण घ्या. बेळगावच्या जेलात ठेवलेल्या फाशीच्या एका कैद्याला दहा-एक वर्षं एकांतात ठेवलं गेलं. गुन्हे भयंकर होते, त्याबद्दल दुमत नाही. पण त्याच एकांतवासाचा परिणाम लक्षात घेऊन सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर 2022 मध्ये त्याची फाशी जन्मठेपेत बदलली. दयेचा अर्ज निकाली निघेपर्यंत फाशीच्या कैद्यालाही असं तोडून ठेवता येत नाही, हे 1978 पासून ठरलेलं आहे. कुलूप लावणाऱ्या वॉर्डरनं निर्णय घेतला नव्हता, हे मान्य. पण रोज दार उघडून जेवण आत सरकवणारा तोच होता, आणि "हा आता भिंतीशी बोलतोय" हे सर्वांत आधी दिसतं ते त्यालाच. ते लिहा. डॉक्टरकडे न्या. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात कैद्यांच्या उपचारांची तरतूद आहे.

आजारी असल्याचं नाटक करतोय हे मला कळतं. तरी नेऊ?

न्या. नाटक आहे की नाही हे ठरवणं डॉक्टरचं काम आहे. मी शेकडो नाटकं पाहिली आणि त्यातली काही नाटकं नव्हती. कोठडीत मृत्यू झाला की चोवीस तासांत मानवाधिकार आयोगाला कळवावं लागतं आणि मॅजिस्ट्रेटची चौकशी बसते. त्या चौकशीत पहिला प्रश्न असतो, त्यानं पहिल्यांदा कधी सांगितलं आणि कोणाला.

कैदी म्हणाला, "कोणाला सांगणार नसशील तर एक बोलतो." वचन देऊ?

कधीच नाही. आधी सांगा: "जिवाचा प्रश्न असेल तर मला सांगावं लागेल." बहुतेक जण तरीही बोलतात, कारण त्यांना बोलायचंच असतं. जीव देण्याचं बोलला, कोणाला भोसकायचं ठरलंय म्हणाला, तर वर कळवा, पण नाव फुटणार नाही अशा रीतीनं. खबऱ्या म्हणून नाव पडलेल्या माणसाचं आत काय होतं ते वेगळं सांगायला नको. बाकी सुखदुःख तुमच्यापाशीच राहू द्या.

स्वयंपाकाला अमुक जातीचे आणि संडासाला तमुक, अशी जुनी रीत आहे. मी एकटा काय करणार?

रीत संपलेली आहे. 3 ऑक्टोबर 2024 ला सुप्रीम कोर्टानं जातीवरून तुरुंगातली कामं वाटणारे नियम घटनाबाह्य ठरवले आणि कैद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढायला सांगितला. "हे लोक हेच काम करत आलेत", "त्याच्या हातचं बाकीचे खाणार नाहीत" ही कारणं आता कोणी काढली तर त्याला निकालाची तारीख सांगा. कामवाटपाचा तक्ता वॉर्डर आणि राइटरच बनवतात, म्हणून इथे तुम्ही एकटे बरंच करू शकता. पाळीपाळीनं लावा. पहिल्या आठवड्यात कुरकुर होते, भूक लागली की सगळे जेवतात.

मुलाकतीची वेळ संपल्यावर म्हातारी आली. सोडू?

बस चुकली, घाटात गाडी बंद पडली, चंदगडहून दोन एसट्या बदलून आली. जेलरला विचारा, तो बहुतेक वेळा पाच मिनिटं देतो. "उशिरा, जेलरच्या परवानगीनं" असं नोंदवा आणि भेटवा. पण उद्या दुसऱ्या कोणाची आई उशिरा आली तर तिलाही तेच. पांढऱ्या कपड्यातल्या पुढाऱ्याच्या चिठ्ठीवर अर्धा तास आणि डोक्यावर पदर घेतलेल्या बाईला "वेळ संपली", हे गेटावर सगळ्यांना दिसतं.

ऑफिसात टेबलाचं काम मिळालंय. तिथे तरी असले प्रश्न नाहीत ना?

तिथे जास्त आहेत, फक्त आवाज करत नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 479 व्या कलमानुसार पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, किंवा इतरांनी निम्मा, की सुपरिंटेंडंटनं लगेच कोर्टाला अर्ज द्यायचा असतो. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक केसेस यांत वगळल्या आहेत. ती यादी तुमच्या टेबलावर बनते. ज्याला वकील नाही, मुलाकतीला कोणी येत नाही, ज्याला विचारायचं कसं ते माहीत नाही, त्याचं नाव यादीच्या तळाशी राहतं. दर महिन्याला तळापासून बघायला सुरुवात करा.

सुटलेला कैदी खडेबाजारात भेटला आणि हाक मारली. ओळख दाखवू?

दाखवा की. "मामा, वळखलासा काय?" म्हणेल, बरोबर बायको-पोरं असतील. बरं आहे का, काय काम करतोस, एवढं विचारा. त्याच्या माणसांसमोर आतला विषय काढू नका, तो त्याला वाटलं तर काढेल. चहा पाजायला लागला तर आपला आपण पैसे द्या. फोन नंबर द्यायचा नाही, उसने पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत, नोकरीत आहात तोवर. नव्या केसबद्दल किंवा आत असलेल्या भावाबद्दल विचारलं तर कोर्टाच्या आवारातलं विधी सेवा प्राधिकरण दाखवा किंवा 15100 हा त्यांचा हेल्पलाइन नंबर सांगा.